कुणाचं रक्त, कोण जाणे

प्रश्न: आम्ही खानापूर तालुक्यातले. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. दत्तक घ्यायचं आम्हा दोघांचं ठरलंय. सासूबाई म्हणतात, "कुणाचं रगात, कोण जाणे, खाण तशी माती." धाकट्या जाऊबाई म्हणतात, तान्हं मूल आणा, आपण वळवू तसं वळेल. माणसाचा स्वभाव जन्मतःच ठरलेला असतो की घरात घडतो? आणि मूल कन्नड भागातलं मिळालं तर काही फरक पडेल का?

उत्तर: मी बालरोगतज्ज्ञ. बेळगावात प्रॅक्टिस करतो आणि त्यातला मोठा भाग मुलांच्या वाढीचा आणि वागणुकीचा आहे. दत्तक घेण्याआधी विचारायला येणारी आणि घेतल्यावर घाबरून येणारी, दोन्ही प्रकारची घरं माझ्याकडे येतात. सासूबाई आणि जाऊबाई दोघींची वाक्यं मला पाठ आहेत. दोघींपैकी मला जास्त काळजी वाटते ती जाऊबाईंची. का, ते पुढे येईलच. आधी सासूबाई.

त्यांची भीती खोटी नाही. फक्त ती केवढी मोठी आहे हे कुणी कधी मोजून बघत नाही. डेन्मार्कमध्ये ते मोजलं गेलं. तिथे १९२४ ते १९४७ या काळात दत्तक गेलेल्या १४,४२७ मुलांच्या सरकारी नोंदी होत्या. सार्नॉफ मेडनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या १९८४ साली कोर्टाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या: जन्मदात्यांना शिक्षा झाली होती का, दत्तक आईबापांना झाली होती का, आणि मुलाला पुढे झाली का. दोन्हीकडचे आईबाप स्वच्छ असलेल्या मुलग्यांपैकी १३.५ टक्क्यांना पुढे कधीतरी शिक्षा झाली. फक्त दत्तक आईबापांना शिक्षा असेल तर हा आकडा १४.७, फक्त जन्मदात्यांना असेल तर २०, आणि दोन्हीकडे असेल तर २४.५. म्हणजे रक्ताचा वाटा आहे. नाही म्हणणारा खोटं बोलतो. पण तोच वीसचा आकडा उलटीकडून वाचा. जन्मदात्यांना शिक्षा झालेली असूनही शंभरातल्या ऐंशी मुलग्यांना कधी शिक्षा झाली नाही. आणि जो संबंध दिसला तो चोरी, फसवणूक अशा मालमत्तेच्या गुन्ह्यांत. मारामारी आणि खुनासारख्या हिंसक गुन्ह्यांत तो दिसलाच नाही. तेव्हा "बाप हिंडलग्याच्या जेलात असला म्हणजे?" असं सासूबाईंनी विचारलं, तर हे आकडे त्यांच्यापुढे ठेवा. शिवाय संस्थेत आलेल्या बहुतेक मुलांच्या मागे गुन्हा नसतोच. लग्नाआधीचं बाळंतपण असतं, गरिबी असते, दुसऱ्या लग्नात पहिल्या लेकराला जागा नसते.

मनोविकारांचंही असंच. स्किझोफ्रेनियाचा धोका सर्वसाधारण माणसाला शंभरात एक, तर आई किंवा बापाला तो असेल तर शंभरात सुमारे दहा. दहापट वाढला, हे खरं. पण शंभरातल्या नव्वदांना होत नाही, हेही तितकंच खरं. फिनलंडमध्ये पेक्का टिएनारी यांनी अशा आयांची दत्तक गेलेली मुलं वर्षानुवर्षं पाहिली. घरात बोलणं सरळ, भांडणं मिटणारी आणि माणसं शांत असतील, तिथे या मुलांमधला आजार पुष्कळ कमी निघाला. ज्या घरात सतत धुसफूस, तिथे जास्त. गंमत म्हणजे रक्तात धोका नसलेल्या मुलांवर त्याच धुसफुशीचा एवढा परिणाम दिसला नाही. म्हणजे बीज आणि घर यांची नुसती बेरीज होत नाही. एकाची ताकद दुसऱ्यावर अवलंबून असते. हे वाक्य लक्षात ठेवा, खाली पुन्हा लागेल.

आता जरा तिरकं बोलतो. सासूबाईंना परक्या रक्ताची धास्ती. पण आपल्या भागात, मराठी घरांत काय आणि कन्नड घरांत काय, मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल अजून पुरती गेलेली नाही. काही कन्नड घरांत तर सख्खा मामाच भाचीशी लग्न करतो. ते रक्त अगदी ओळखीचं, दोन्हीकडून ओळखीचं. आणि एक डॉक्टर म्हणून मला धाकधूक असते ती तिथे. कुठल्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता शेकडा दोन-तीन असते. सख्ख्या मामे-आत्ये भावंडांच्या लग्नात ती जवळजवळ दुप्पट होते. कारण एकच बिघडलेला जीन दोघांकडे आजोबांकडून आलेला असू शकतो, आणि बाळाला तो दोन्ही बाजूंनी मिळतो. अनोळखी रक्ताला निदान हा धोका नाही. हे सासूबाईंना सांगताना सूर सांभाळा, नाहीतर दत्तकाचा विषय बाजूला राहील आणि कुणाच्या तरी जुन्या सोयरिकीवरून भांडण लागेल.

'जन्मजात' म्हटलं की लोकांना ते 'अटळ' वाटतं, हा दुसरा घोटाळा. थायरॉइडची ग्रंथी नीट न बनता जन्मलेलं बाळ घ्या. साधारण हजार-दोन हजार बाळांत एक असतं. दोष पूर्ण जन्मजात, त्यात संगत-संस्कारांचा काडीचा संबंध नाही. लक्षात आलं नाही तर मूल मतिमंद होतं. पण जन्मल्यावर टाचेतून रक्ताचे दोन थेंब घेऊन तपासलं आणि पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू केली, तर ते मूल इतर मुलांसारखं शाळेत जातं. फिनाइलकीटोन्युरिया हा आजार तर निव्वळ एका जीनचा. उपाय काय, तर आहार. बाळाच्या अन्नातलं एक अमिनो आम्ल मोजून-मापून कमी ठेवायचं. सगळा दोष जीनमध्ये, सगळा इलाज ताटात. मग त्या मुलाची बुद्धी जन्मजात म्हणायची की घडवलेली? प्रश्नच गळून पडतो.

तरी लोक टक्के विचारतात. "डॉक्टर, किती टक्के आनुवंशिक?" आकडा आहे. २०१५ साली जगभरातल्या पन्नास वर्षांच्या जुळ्यांच्या अभ्यासांची एकत्र मोजदाद प्रसिद्ध झाली. जुळ्यांच्या सुमारे १ कोटी ४५ लाख जोड्या आणि १७,८०४ गुणधर्म, उंचीपासून चिडचिडेपणापर्यंत. सरासरी निघाली ४९ टक्के. वर्तमानपत्रांनी "निम्मं रक्त, निम्मं संस्कार" असे मथळे द्यावेत इतका सोयीचा आकडा. पण त्याचा अर्थ तुमच्या मुलाचा निम्मा राग बापाकडून आणि निम्मा शाळेतून आला, असा होत नाही. तो आकडा एका मुलाबद्दल बोलतच नाही. पुष्कळ माणसांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला किती फरक जीनमधल्या फरकाशी जुळतो, एवढंच तो सांगतो.

रिचर्ड लुवॉन्टिन या जीवशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात यासाठी बियाणाचं उदाहरण दिलं होतं. ते आपल्याकडचं करून सांगतो. एकाच पोत्यातलं ज्वारीचं बी, पण मिश्र वाणाचं. एक मूठ बैलहोंगलच्या काळ्या रानात पेरली, दुसरी खानापूरकडच्या तांबड्या मुरमाड माळावर. प्रत्येक रानात खत, पाणी, ऊन सगळ्या रोपांना सारखं. काळ्या रानात काही ताटं डोक्याएवढी, काही छातीएवढी. हा फरक कशाचा? शंभर टक्के बियाणाचा, कारण बाकी सगळं सारखं होतं. माळावरही उंच-बुटकी ताटं, तिथलाही फरक शंभर टक्के बियाणाचा. पण काळ्या रानाची सरासरी आणि माळाची सरासरी यांत जो हातभर फरक, तो सगळाच्या सगळा जमिनीचा. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी. माणसांच्या उंचीचंही हेच. सुखवस्तू समाजात उंचीतला सुमारे ऐंशी टक्के फरक आनुवंशिक निघतो, आणि तरीही नातवंडं आजोबांपेक्षा उंच होत जातात, कारण पोटाला मिळतं.

आता टक्के ठेवू बाजूला आणि मूल बघू.

माझ्या टेबलावर लसीकरणाला जुळी बाळं येतात तेव्हा मी मुद्दाम दोन मिनिटं जास्त घेतो. एका घरचे जुळे भाऊ, चार महिन्यांचे, दिसायला वेगवेगळे. एकाच पोटात वाढलेले, एकाच आईच्या अंगावर पिणारे, एकाच गोधडीवर झोपणारे. ट्रेमध्ये स्टीलची वाटी ठेवताना ती खणकन वाजली. एकाने नुसती मान वळवली. दुसऱ्याने दोन्ही हात फेकले, पाठ कमान केली, ओठ खाली ओढला आणि मग सूर लावला. सुई टोचल्यावर पहिला रडला तो खांद्यावर घेईपर्यंत. दुसरा रिक्षात बसेपर्यंत. आजी लगेच म्हणाली, "हा आजोबांवर गेलाय." आजोबांचं मला माहीत नाही. पण त्या बाळाने काहीतरी बरोबर आणलंय, हे त्या टेबलावर दिसत होतं. हार्वर्डचे जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपुढे रंगीत खेळणी हलवून आणि नवे आवाज ऐकवून हेच नीट पाहिलं. पाचातलं एखादं बाळ असं हातपाय झाडून रडणारं निघतं, आणि मोठेपणी अनोळखी माणसांत बुजणारी मुलं त्यांच्यातून जास्त निघतात. जास्त, पण सगळी नव्हेत. ज्या आईबापांनी त्यांना उठता-बसता पाठीशी घातलं, त्यांची भीती टिकली. ज्यांनी हळूहळू, हात न सोडता पुढे ढकललं, त्यांची बरीच ओसरली.

वडगावात विणकरांच्या घरी गेलात तर मागाच्या खडखडाटात पाळण्यातलं मूल गाढ झोपलेलं दिसेल. वीज गेली, माग थांबले, की ते जागं होतं. पण त्याच आळीत एखादं मूल असं असतं की आई त्याला घेऊन माहेरी जाते, कारण मागाच्या घरात ते झोपतच नाही. तीच भिंत, तोच आवाज.

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर टॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर जोडप्याने १९५६ पासून मुलांचा एक गट तान्हेपणापासून मोठं होईपर्यंत पाहिला. सुमारे चाळीस टक्के मुलं सोपी: वेळेवर भूक, वेळेवर झोप, नव्याला हसून सामोरी. दहा टक्के कठीण. पंधरा टक्के हळूहळू रुळणारी. बाकीची या चौकटींत बसेनात. त्यांचं सगळ्यांत मोलाचं निरीक्षण मात्र पुढचं आहे. कठीण मूल पुढे बिघडतंच असं नाही. मुलाचा पिंड आणि घराची अपेक्षा यांचं जमतं की नाही, त्यावर ते ठरतं. झोपेची वेळ ठरलेली नसलेलं मूल नोकरदार गोऱ्या घरात डोकेदुखी ठरत होतं. न्यूयॉर्कमधल्याच पोर्तोरिकन कामगार घरांत ते कुणाला खुपतच नव्हतं; खुपायला लागलं ते शाळेची घंटा सुरू झाल्यावर. मूल तेच, तक्रार घरागणिक वेगळी.

आपल्याकडे मी हे रोज बघतो. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत बापाच्या खांद्यावर बसून एक पोर ढोलाच्या ठेक्यावर नाचतं, आणि दुसरं बापाचे केस मुठीत धरून डोळे मिटून घेतं. दुसऱ्याचा बाप शेजाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणतो, "मराठ्याचं पोर आणि ढोलाला भितं!" त्या पोराच्या आयुष्यातली अडचण ढोलाने सुरू होत नाही, या वाक्याने होते. तेच मूल शेतावरच्या निवांत घरात आजोबांच्या मागे मागे फिरत गुणी म्हणवून घेतं.

म्हणून जाऊबाईंची काळजी. "वळवू तसं वळेल" असं मानणारं घर प्रेमळ असतं, हौशी असतं. पण मूल वळलं नाही की तिथे दोनच निष्कर्ष उरतात: आपण कमी पडलो, किंवा मूल हट्टी आहे. पहिल्यातून आईचा कोंडमारा होतो, दुसऱ्यातून मुलाला मार बसतो. दत्तक मुलाच्या बाबतीत तिसराही निष्कर्ष टपून बसलेला असतो, आणि तेव्हा जाऊबाईच सासूबाईंची भाषा बोलू लागतात: शेवटी रक्तच ते. मी हे होताना पाहिलंय, आणि ते होतं मूल दहा-बारा वर्षांचं झाल्यावर, म्हणजे त्याला सगळं कळत असताना.

त्यांना न आवडणारी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. एका घरात वाढलेली, पण रक्ताचं नातं नसलेली दोन दत्तक भावंडं मोठेपणी स्वभावाने एकमेकांसारखी निघतात का? जवळजवळ नाहीत. रस्त्यावरची कुठलीही दोन माणसं जेवढी सारखी असतील, तेवढीच. उलट जन्मतःच वेगळ्या घरांत गेलेली एकसारखी जुळी भावंडं स्वभावाने चांगलीच जुळतात. मिनेसोटा विद्यापीठात टॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून अशा जोड्या शोधून तपासल्या, आणि हेच दिसलं. एक मूल बोलकं होईल की घुमं, पटकन चिडेल की सोसेल, हे 'चांगल्या घराच्या' हातात आपण समजतो तितकं नसतं. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही पण गुण लागतो म्हणतात; स्वभावाच्या बाबतीत गुणही थोडाच लागतो.

मग घराच्या हातात काय? पुष्कळ. भाषा, जेवण, देव, शिव्या, पैशाची किंमत, अभ्यासाची सवय, बायकांशी बोलायची रीत. आणि बुद्धीची वाढ, जर आधी उपासमार झालेली असेल तर फारच. फ्रान्समध्ये मिशेल ड्युइम यांनी हलाखीत वाढून चार ते सहा वर्षांच्या वयात दत्तक गेलेली मुलं पाहिली. आधीचा सरासरी बुद्ध्यंक ७७. तेराव्या-चौदाव्या वर्षी तो सरासरी ९१ झाला. सुस्थितीतल्या घरांत गेलेल्यांचा ९८, गरीब घरांत गेलेल्यांचा ८५ च्या आसपास. मात्र मुलांचा आपसातला क्रम फारसा हलला नाही. आधी पुढे असलेलं नंतरही बहुधा पुढेच राहिलं. काळं रान आणि माळ आठवा.

एपिजेनेटिक्सबद्दल, म्हणजे अनुभवाने जीन कमी-जास्त कसे चालतात त्या शास्त्राबद्दल, कुणीतरी तुम्हाला व्हिडिओ पाठवलाच असेल. उंदरांच्या आईने पिलांना जास्त चाटलं की पिलांचे भीतीशी संबंधित जीन वेगळे चालतात, हे मॉन्ट्रियलमध्ये खरोखरच दिसलं आहे. पण त्यावरून माणसांना सात पिढ्यांचे संस्कार आणि गर्भसंस्काराचे महागडे कोर्स विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

आता मुख्य मुद्दा. दत्तकात 'कुणाचं' यापेक्षा 'किती महिन्यांचं, आणि तोवर कुणाजवळ होतं' हे जास्त विचारायचं असतं.

रोमानियात चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ साली गर्भपात आणि गर्भनिरोधनावर बंदी घातली. नको असलेली मुलं अनाथालयांत साठत गेली. एका बाईच्या वाट्याला डझनावारी बाळं. दूध पाजायचं, दुपटं बदलायचं, बोलायला वेळ नाही. २००० साली बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी अशी १३६ मुलं घेतली आणि चिठ्ठी टाकून निम्म्यांना पालक घरं दिली. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेतच राहिलेल्यांचा सरासरी बुद्ध्यंक ७३, पालक घरी गेलेल्यांचा ८१, आणि त्याच शहरात आपल्या आईबापांजवळ वाढलेल्यांचा १०९. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची भरपाई सगळ्यांत चांगली झाली. तिथूनच इंग्लंडला दत्तक गेलेली मुलं मायकेल रटर यांनी पाहिली. सहा महिन्यांच्या आत गेलेली बहुतेक इंग्लंडच्या मुलांसारखीच वाढली. त्यानंतर गेलेल्यांमध्ये अडचणी जास्त टिकल्या, तरी त्यांच्यातही काही मुलं पार निर्वेध मोठी झाली. आपल्याकडच्या संस्था तशा नाहीत, मी पाहिलेल्या तर नक्कीच नाहीत. पण माणसं पाळ्यांनी बदलतात, हे सगळीकडे तसंच.

त्याचा परिणाम जवळून कसा दिसतो? दत्तक येऊन थोडेच दिवस झालेली तीन वर्षांची एक मुलगी. दारातून आत आली ती थेट माझ्या मांडीवर. स्टेथोस्कोप ओढला, गालाला गाल लावला, मग उठून कंपाउंडर बाईंच्या कमरेला मिठी मारली. आजी कौतुकाने म्हणाली, "बघा कशी माणूसवेडी आहे, कुणाकडंबी जाते, अजिबात रडत नाही." मला मात्र ती आईच्या पदराआड लपली असती तर बरं वाटलं असतं. तीन वर्षांच्या मुलाने परक्याला बघून आईकडे वळावं. वळायला एक ठरावीक माणूस आहे हे त्याला ठाऊक असल्याची ती खूण. तपासताना तिच्या फ्रॉकच्या खिशात चपातीचे वाळके तुकडे सापडले. आई ओशाळली. घरात उशीखालीही सापडतात म्हणाली. चोरीची सवय असेल का, रक्तात असेल का, असं दबक्या आवाजात विचारलं.

ती सवय रक्ताची नाही. पुढचं जेवण आपल्या रडण्यावर येत नाही, घड्याळावर येतं, हे शिकलेल्या मुलाची ती तजवीज आहे. उपाय काय, तर रागवायचं नाही, खिसे तपासायचे नाहीत, आणि तिच्या हाताला येईल अशा फळीवर एक डबा ठेवायचा. त्यात भडंग, केळं, बिस्किटं काहीही. डबा तिचा, कधीही उघडावा, कधी रिकामा दिसू नये. आणि काही महिने भरवणं, आंघोळ, झोपवणं ही तीन कामं एकाच माणसाची. गाव बघायला आलं तरी मांडी बदलायची नाही. एकत्र कुटुंबात हे फार अवघड जातं, कारण प्रत्येकाला नवं लेकरू कडेवर हवं असतं. त्या घराने ते पाळलं. काही महिन्यांनी मुलगी आली तेव्हा मला बघून तिने तोंड वाकडं केलं आणि आईच्या मानेत डोकं खुपसलं. आजीला वाटलं, डॉक्टरांचा अपमान झाला.

कन्नड भागाबद्दल विचारलंत. रक्तात भाषा नसते, हे तुम्हालाही माहीत आहे. खरा प्रश्न कानाचा आहे. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता, वर्षाची होत आलेल्यांपैकी जवळजवळ कुणालाच कळेना. प्रत्येक बाळ सगळ्या जगाचा कान घेऊन येतं आणि घरात जे ऐकू येत नाही ते वर्षभरात सोडून देतं. म्हणजे सहा-आठ महिन्यांचं मूल आलं तर ते तुमच्या घरचीच मराठी बोलणार, 'काय करूलास'सकट. पण जे आधी ऐकलं ते अगदी पुसलंही जात नाही. चीनमधून वर्षभराच्या आसपासच्या वयात फ्रेंच भाषक घरांत दत्तक गेलेल्या मॉन्ट्रियलच्या मुलींना चिनीचा एक शब्द येत नव्हता. तरी चिनी सूर ऐकवल्यावर त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्यांसारखाच चालला. हे २०१४ चं काम.

दोन-तीन वर्षांचं मूल गदग-बागलकोटकडून आलं तर ते 'नीरु' (पाणी), 'ऊटा' (जेवण) आणि 'ब्याड' (नको) म्हणत येईल. इथे तुम्ही पुण्या-मुंबईच्या घरांपेक्षा नशीबवान आहात. तुमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना कन्नड येतं. पहिले काही महिने त्याच्याशी मोडकं का होईना, कन्नड बोला. रात्री दचकून उठलं तर 'हेदरबेड' म्हणा, 'भिऊ नको' त्याला अजून कळत नसतं. सीमाप्रश्न त्याच्या अंथरुणात आणू नका. मराठी आपोआप येईल, फार तर सहा महिने.

आता कामाचं. नोंदणी 'कारा'च्या, म्हणजे सेंट्रल अ‍ॅडॉप्शन रिसोर्स अथॉरिटीच्या मार्फतच करा. मधल्या नर्सिंग होममधून "एक बाळ आहे" असा निरोप आला तर त्या वाटेला जाऊ नका. मुलाचा वैद्यकीय अहवाल तुम्हाला मिळतो आणि तो आपल्या डॉक्टरला दाखवता येतो. दाखवाच. जन्माचं वजन, थायरॉइडची तपासणी, ऐकू येण्याची तपासणी आणि हिमोग्लोबिन त्यात आहे का बघा. मूल संस्थेत कोणत्या महिन्यात आलं आणि त्याआधी कुणाजवळ होतं, हे तोंडी विचारा; कागदावर ते बऱ्याचदा एका ओळीत उरकलेलं असतं. जिने त्याला सगळ्यांत जास्त सांभाळलं त्या बाईंना भेटता आलं तर अहवालापेक्षा जास्त कळेल: झोपताना काय करतं, कशाला बिचकतं, रागावल्यावर किती वेळाने निवतं. तेवढ्यावरून त्याचा पिंड आणि तुमचं घर यांचा मेळ कसा घालायचा हे आधीच ठरवता येतं.

माझ्याकडे यायचं तर सासूबाईंना आणि जाऊबाईंनाही आणा, दिवसभर मूल त्यांच्याजवळच असणार. आणि डोक्याचा घेर अहवालात एकाच तारखेचा दिला असेल तर संस्थेकडून आधीचे आकडे मागून घ्या. एका आकड्यावरून वाढ कशी चालली आहे ते सांगता येत नाही.